न खोदता चेंबरची गळती थांबवायची, तर आधी पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघा

प्रश्न विचारणाऱ्या साहेबांनी दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. रबाळ्याला एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना. प्रोसेस ब्लॉकपासून ईटीपीपर्यंत (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सांडपाण्याची जमिनीखालची जुनी लाइन, वाटेत सात चेंबर, विटांचे, आतून सिमेंट प्लास्टर. शेजारून पावसाळी गटार जातं आणि त्यात एप्रिल-मेमध्ये, पावसाचा थेंब नसताना, पिवळसर पाणी दिसतं, वासही येतो. उलट जुलैत ईटीपीला येणारं पाणी एकदम वाढतं. खोदायचं तर एका अंगाला २२ केव्हीची केबल, दुसऱ्या अंगाला सॉल्व्हंटच्या टाक्या. सेफ्टीवाले परवानगी देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. एका कॉन्ट्रॅक्टरने सातही चेंबरना पीयू इंजेक्शन (भेगांत दाबाने पॉलियुरेथेन रेझिन भरणं) सुचवलंय: चार दिवसांचं काम, दहा वर्षांची गॅरंटी, दर किलोवर. घ्यावं का?

पीयू लागेल. पण सगळीकडे नाही, आणि पहिल्या दिवशी तर नाहीच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये मी बरीच वर्षं हीच कामं करतोय. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, त्यामुळे तिथे जुन्या बांधणीचे सगळे नमुने बघायला मिळतात. या कामात लोक विचारतात, "कुठलं केमिकल मारू?" तुमच्या वर्णनात मला त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसते, ती म्हणजे तुमची गळती दुतोंडी आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी खाली जातं, लाइनच्याही खाली, आणि तुमचं सांडपाणी भेगांतून बाहेर पडतं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि त्याच भेगांतून आत घुसतं. भेग एकच, पण मे महिन्यात तिच्यातून जाणारा द्रव वेगळा, दाबाची दिशा वेगळी. कॉन्ट्रॅक्टरने यातली कुठली गळती बघून कोटेशन दिलं, हे आधी विचारा. बहुधा त्याने पावसाळ्यात भिंतीतून येणारी धार बघितली असणार, कारण ती डोळ्यांना दिसते.

तुमच्यासाठी गंभीर आहे ती बाहेर जाणारी, न दिसणारी. आत येणाऱ्या पाण्याने ईटीपीवरचा भार वाढतो, खर्च वाढतो, झालं. बाहेर जाणारं पाणी मात्र पावसाळी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाणे खाडीत जातं. त्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेला. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस गटारातून बाटली भरून नेतो तेव्हा त्याला तुमच्या जुलैच्या फ्लोमीटरशी काही देणंघेणं नसतं.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या न बघता मी सांगू शकत नाही. तुमचा प्लॉट रबाळ्यात नेमका कुठे आहे? पारसिक डोंगराच्या पायथ्याकडे असेल तर खाली मुरूम आणि काळा पाषाण, आणि पावसाळ्यात डोंगरावरून झिरपून येणारं पाणी पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस टिकतं. खाडीच्या अंगाला, भरावाच्या जमिनीवर असेल तर खाली चिकणमाती, आणि पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चेंबर भरतो आणि ओहोटीला रिकामा होतो असे प्लॉट मी पाहिलेत. तिथे चिकणमाती दबत राहते, सांधे पुन्हा उघडतात, म्हणून ताठ सिमेंटी मसाल्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या सांडपाण्यात काय आहे: पीएच किती ते किती जातो, गरम पाणी सोडता का, कुठलं सॉल्व्हंट किती प्रमाणात येतं. तिसरं, लाइन ह्यूम पाइपची (सिमेंट काँक्रीटच्या) की स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीच्या). ही तीन उत्तरं हातात नसताना कुणी दहा वर्षांची गॅरंटी देत असेल, तर ती कागदापुरतीच समजा.

आता तपासणी. हिच्यावर पैसे खर्च करायला कुणाला आवडत नाही आणि निम्मं काम इथेच होतं. क्रम असा: लाइन धुऊन घ्या, मग कॅमेरा आतून फिरवा. तुमच्याकडे सॉल्व्हंट आहे, तेव्हा साधा सीसीटीव्ही चालणार नाही. फ्लेमप्रूफ कॅमेरा मागवा, नाहीतर लाइन पाण्याने धुऊन, वायू मोजून, हवा खेळती ठेवून मगच साधा वापरा. कॅमेऱ्यात भेग दिसली म्हणजे ती गळतेच असं नाही, आणि काही दिसलं नाही म्हणजे गळत नाही असंही नाही. म्हणून पुढची पायरी पाणी भरून बघण्याची. एका चेंबरची आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन्ही तोंडं फुगणाऱ्या रबरी प्लगने बंद करायची, साधं पाणी रोजच्या पातळीपर्यंत भरायचं, झाकण लावायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. कोरडी वीट आधी पाणी पिते, म्हणून पहिल्या रात्रीचा आकडा धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा पूर्ण करून खूण मारायची आणि मग किती उतरते ते बघायचं. चेंबर झाले की दोन चेंबरमधला पाइप तसाच तपासायचा. हे पाणी हिरव्या फ्लुओरेसिन रंगाचं घेतलं तर गटारात रंग कुठे उगवतो तेही कळतं. ही तपासणी मेमध्ये करा. जुलैत बाहेरचंच पाणी आत ढकलत असतं, पातळी उतरतच नाही आणि सगळं ठीक आहे असा भास होतो.

प्लगबद्दल एक सांगतोच. ३०० मिमीच्या प्लगवर तीन मीटर पाणी उभं असेल तर त्यावर दोनशे किलोंहून जास्त जोर असतो. तो सुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. प्लगला मागून टेका किंवा दोर हवा, हवेचा गेज चेंबरच्या बाहेर हवा, आणि प्लगच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, अगदी वाकून बघण्यापुरतंही नाही.

माझा अंदाज विचाराल तर सातपैकी दोन-तीन चेंबरच खरे गळके निघतील, आणि त्यांतही भिंत नव्हे, पाइप जिथे भिंतीतून आत येतो तो सांधा. विटांचा चेंबर स्वतःच्या वजनाने एका वेगाने बसतो, पाइप वेगळ्या वेगाने, आणि दोघांमध्ये गवंड्याने मारलेली सिमेंटची कॉलर असते. ती तडकते. आत उतरून बघितलं तर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसते, तिच्या खाली प्लास्टरला लोणा लागलेला असतो, आणि पाइपच्या पोटाखाली, जिथे बॅटरीचा उजेड नीट पोचत नाही, तिथे बोट जाईल एवढी फट असते. वरून प्लास्टर मारून हे कधीच सुटत नाही.

हा सांधा आम्ही असा करतो. पाइपभोवती साधारण दीड-दोन इंच खोल खाच काढायची. तुमच्या झोनमध्ये ठिणगी न पडणारी छिन्नी लागेल, बेरिलियम कॉपरची. खाच धुऊन घ्यायची. तागाचा दोर पीयू रेझिनमध्ये बुडवून, पिळून, ओला असतानाच खाचेत ठासायचा, खालून सुरुवात करून वरपर्यंत. पाणी लागलं की रेझिन फुगतं आणि दोर स्वतःला अडकवून घेतो. पाण्याचा जोर असेल तर तळाशी एक बारकी नळी आधी सोडून ठेवायची, म्हणजे सगळं पाणी तिथूनच येत राहतं आणि बाकीचा सांधा निवांत भरता येतो. नळी सगळ्यात शेवटी बंद करायची. दोरावर झटपट घट्ट होणारा प्लगिंग मसाला, आणि तो बसल्यावर सांध्याच्या मागे, तिरक्या भोकांतून, पॅकर (रेझिन आत सोडायची तोटी) लावून इंजेक्शन. एवढं झाल्यावरच आतलं अस्तर.

क्रम उलटा केला तर काय होतं तेही सांगतो, कारण हेच सगळ्यात जास्त वेळा बघायला मिळतं. आतून छान इपॉक्सी मारलेली असते आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचे फुगे येऊन पोपडे पडतात. बाहेरचं पाणी भिंतीतून येऊन अस्तराला मागून ढकलतं. कुठलंही पातळ अस्तर असं मागून येणाऱ्या दाबासमोर फार काळ टिकत नाही. आधी पाणी थांबवा, मग भिंत कोरडी होऊ द्या, मग अस्तर.

पीयूचे दोन मुख्य प्रकार, आणि कोटेशनमध्ये कुठला ते लिहून घ्या. एक पाणी पिऊन फुगणारा, ओला असेपर्यंत उत्तम, पण सुकला की आकसतो. तुमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी खाली जातं, म्हणजे हा नेमका मे महिन्यात आकसणार, जेव्हा सांडपाणी बाहेर पडत असतं. दुसरा पाण्याशी फक्त अभिक्रिया होण्यापुरता संबंध ठेवतो, बंद पेशींचा कडक फोम होतो, आकसत नाही. तुम्हाला हा दुसरा. तरीही फोम हा पाणी अडवणारा पहिला बांध आहे. त्यात सॉल्व्हंट सतत मुरत राहिलं तर तो मऊ पडू शकतो. म्हणून आतलं अस्तर तुमच्या सांडपाण्याला पुरून उरेल असंच हवं.

ते कुठलं, हे कॅटलॉगवरून ठरवू नका. कॉन्ट्रॅक्टरकडून अस्तराच्या आणि फोमच्या पूर्ण घट्ट झालेल्या छोट्या वड्या मागवा, वजन करा, आणि तुमच्याच कलेक्शन टँकच्या पाण्यात महिनाभर टांगून ठेवा. नंतर पुसून वजन करा, नखाने ओरखडा काढा. नखाला लागली तर ती वस्तू नको. साधी इपॉक्सी काही सॉल्व्हंटमध्ये महिन्याभरात रबरासारखी होते. नोव्होलॅक इपॉक्सी किंवा व्हिनाइल एस्टर बऱ्याचदा टिकतं. आम्ल फार तीव्र असेल तर जुना मार्ग आहेच: आम्लरोधक विटा आणि फ्युरान मसाला. साध्या मैलापाण्याच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइडपासून जीवाणू गंधकाम्ल बनवतात आणि झाकणाखालचं काँक्रीट खातात. तिथे कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंट चांगलं. तुमच्या प्रोसेसच्या आम्लासमोर मात्र ते पुरणार नाही, कुणी तोच माल इथे खपवत असेल तर सावध.

स्वस्त म्हणून ॲक्रिलामाइडवर आधारलेलं ग्राउट कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हालान्सोस डोंगरातल्या रेल्वे बोगद्यात गळती थांबवायला असंच ग्राउट भरलं. ते पूर्ण घट्ट व्हायच्या आत पाण्याबरोबर बाहेर गेलं, ओढ्यातले मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गायींचे पाय लुळे पडले आणि कामगारांनाही बाधा झाली. गळती थांबवताना खाडीत विष सोडायचं, याला काही अर्थ नाही.

आता "संवेदनशील" जागेबद्दल. खोदाई टाळली म्हणजे धोका टळला असं सेफ्टीवाल्यांनाही वाटतं. खरं तर धोका खड्ड्यातून चेंबरमध्ये आला. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती तळाशी बसते. हायड्रोजन सल्फाइडही हवेपेक्षा जड, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला असं समजणारा माणूस जिवाला मुकतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू मोकळा होतो, म्हणून सकाळी एकदा मोजून दिवसभर परमिट चालवू नका; माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या छातीवर चालू हवा. औषध कारखान्यात आणखी एक गोम असते. रिॲक्टरला दिलेला नायट्रोजन ड्रेनमधून चेंबरमध्ये येऊ शकतो. ऑक्सिजन कमी असेल तर नेहमीचा ज्वलनशील वायूचा मीटर कमी आकडा दाखवतो, कारण त्याच्या सेन्सरलाच ऑक्सिजन लागतो. म्हणून आधी ऑक्सिजन वाचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढचे आकडे बघूच नका आणि माणूस उतरवू नका. त्या ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावा. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय सफाईला माणूस उतरवणं गुन्हा ठरवलंय. तुमचा चेंबर त्या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद घालत बसू नका, त्याहून कडक वागा. तिपाई, हार्नेस, वर एक माणूस जो जागा सोडणार नाही.

भोकं पाडणं हे हॉट वर्क (ठिणगीने आग लागू शकेल असं काम) धरा. हवेवर चालणारं ड्रिल घेतलं तरी घर्षणाची ठिणगी राहतेच, म्हणून पाणी सोडत ड्रिल करायचं. केबलच्या बाजूच्या भिंतीत भोक आरपार न्यायचं नाही. तिथे सांध्यातूनच आणि हातपंपाने, कमी दाबाने भरायचं. मशीनच्या दाबाने विटांची भिंत फुगते, आणि ग्राउट वाट मिळेल तिकडे जातं: केबल डक्टमध्ये, शेजारच्या लाइनमध्ये. इंजेक्शन चालू असताना शेजारच्या पावसाळी गटारात एक माणूस उभा करा. फोम तिकडे दिसला तर पंप थांबवायचा. यातून एक फायदाही होतो, तुमची गळतीची वाट कुठून जाते ते कळतं.

पाइपकडे येतो. स्टोनवेअर असेल तर साधारण दर ६० सेंटिमीटरला एक सांधा, म्हणजे एकेक सांधा दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण अस्तर घाला, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली कापडी नळी पाइपच्या आत घालून तिथेच घट्ट करायची. ह्यूम पाइपची लांबी अडीच मीटरच्या आसपास, तिथे गळके सांधे मोजकेच असतील तर फायबरग्लासची चटई रेझिनमध्ये भिजवून, फुगणाऱ्या रबरी नळकांड्यावर (यालाही पॅकरच म्हणतात) गुंडाळून जागेवर नेतात आणि आतून चिकटवतात. पूर्ण अस्तराची पद्धत १९७१ पासून चालत आलीय, लंडनच्या हॅकनी भागातल्या जुन्या विटांच्या गटारात पहिल्यांदा वापरली गेली. इथे रेझिन बघून घ्या. स्वस्त पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते ३१ अंशांच्या आसपास पेटू शकेल अशी वाफ सोडतं. रबाळ्याची एप्रिलमधली दुपार आठवा. शिवाय त्याचा वास कोरड्या पडलेल्या फ्लोअर ट्रॅपमधून वर येतो, आणि एएचयूच्या (कारखान्यात गाळलेली हवा सोडणारं यंत्र) हवेच्या तोंडाजवळ आला तर क्वालिटीवाले बॅच अडवतील. स्टायरीन नसलेलं रेझिन मागा, सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी भरा, आणि शक्यतो एएचयू बंद असतानाच काम करा.

काही ठिकाणी अस्तर चालतच नाही. पाइप कोसळलेला असेल, चपटा झाला असेल, किंवा मध्येच खाली बसून पाणी तुंबत असेल तर अस्तर त्या वाकड्या पाइपचाच आकार घेतं. अशा वेळी मी मालकाला सांगतो ते ऐकायला आवडत नाही: जमिनीखालची लाइन सोडून द्या. सांडपाणी पंपाने पाइप रॅकवरून ईटीपीला न्या, आणि जुनी लाइन धुऊन पातळ सिमेंट-बेंटोनाइटने भरून टाका. खोदाई शून्य, पुढची गळती डोळ्यांसमोर. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या कारखान्यात हा पर्याय अस्तराच्या कोटेशनशेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी असं माझं ठाम मत आहे. पंपाचा वीजखर्च आणि देखभाल यांचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे धरा.

आता तुमच्या कोटेशनकडे. किलोवर दर मान्य करू नका. भिंतीमागे पोकळी असेल तर माल जातच राहतो आणि जितका जास्त जाईल तितका कॉन्ट्रॅक्टरचा फायदा. सांध्यावर, चेंबरवर किंवा पाइपच्या मीटरवर दर घ्या. एका चेंबरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल लागला तर पुढे जाण्याआधी विचारायचं, असं लिहून घ्या. चार दिवसांत सात चेंबर म्हणजे सुकायला वेळच नाही, त्यामुळे अस्तर ओल्या भिंतीवर जाणार. मी तुमच्या जागी असतो तर मेमध्ये तपासणी, त्याच शटडाउनमध्ये गळके सांधे बंद, पावसाळ्यात आत येणाऱ्या पाण्यावर लक्ष, जुलैच्या धारेत जे नव्याने दिसेल त्याला तेव्हाच इंजेक्शन, आणि अस्तर दिवाळीनंतर असं काम दोन भागांत दिलं असतं. तोवर सांडपाणी वळवून नेणारा बायपास पंप फ्लेमप्रूफ आणि होज अर्थिंग केलेला, हे तुमच्या सेफ्टीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

गॅरंटीच्या कागदापेक्षा बिलातली काही रक्कम अडवून ठेवणं जास्त कामाचं. एक हप्ता पुढच्या मेमधल्या पाणी भरण्याच्या चाचणीवर, दुसरा जुलैत ईटीपीच्या फ्लोमीटरवर. कॉन्ट्रॅक्टर या अटीला तयार झाला तर त्याला काम द्यायला माझी हरकत नाही.